विसावं चूकपत्र

"या खुर्च्या काय जिराफासाठी केल्यात गो? पाय टेकत नाय माजा."

ही कुरकुर काचेच्या खोलीत बसलेल्या कुंदाच्या उजव्या कानात, अगदी पडद्याला चिकटून झाली. सुरंगी प्रजासत्ताकाच्या दूत सगुणा बाळू समोरच्या मायक्रोफोनचं बटण बंद करायला विसरल्या होत्या. त्या रोजच विसरायच्या. वय एक्काहत्तर, उंची चार फूट दहा इंच, आणि पश्चिम सागर संघाच्या मुख्यालयातल्या खुर्च्या खरोखरच कुणा लांबटांग्या माणसाच्या मापाने केलेल्या.

टेबलापलीकडून आल्तामारचे दूत वालेरियो यांनी मान वर केली. "काय म्हणाल्या?" त्यांनी आपल्या भाषेत विचारलं.

"सभागृह प्रशस्त आहे म्हणतात," कुंदा आल्तामारीत म्हणाली.

वालेरियोंनी गंभीरपणे मान डोलावली. सगुणाबाईंचे लोंबकळणारे पाय त्यांनाही दिसत होते. पण कुंदा परुळेकर हिला संघाने नोकरीवर ठेवलं होतं ते असल्याच कामासाठी.

ती नोकरी कशी निर्माण झाली, ते सांगायला हवं.

शब्द ओठांवर येण्याआधी साधारण पाव सेकंद तो गळ्यात येऊन गेलेला असतो. मेंदूचा निरोप जिभेच्या मुळाशी आणि स्वरयंत्राच्या स्नायूंत पोचतो, तिथे विजेची अगदी बारीक लहर उठते, आणि मग आवाज फुटतो. गंमत अशी, की जो शब्द आपण ऐन वेळी गिळतो, त्याचीही लहर उठतेच. लाखो माणसांच्या गळ्यांवर नखाएवढी पट्टी चिकटवून, त्या लहरी आणि त्यांचे अर्थ जुळवून एक यंत्र शिकवलं गेलं. त्याचं नाव कंठवेध. आधीची यंत्रं माणूस जे बोलला त्याचं भाषांतर करत. कंठवेध माणसाला जे म्हणायचं होतं त्याचं भाषांतर करू लागला.

जगाला वाटलं, आता गैरसमज संपले. संपले ते करार. संघाच्या अकरा सदस्य देशांपैकी एकाचा मासेमारीमंत्री दुसऱ्याला म्हणाला, "आपल्या भेटीने आनंद झाला," आणि यंत्राने शांत, गोड आवाजात सांगितलं, "एकदाची ही कटकट संपली." तो करार पुढे तीन वर्षं रखडला. माणसं आपसात राहू शकतात ती बरंचसं गिळून, हे कुठल्याही एकत्र कुटुंबातल्या बाईने फुकट सांगितलं असतं. संघाला ते कळायला दोन वर्षं लागली.

मग नियम झाला. दोन सदस्य देश आपसात बोलणार असतील आणि दोघांची संमती असेल, तर गळ्याला पट्टी असू द्यावी, पण तिची नोंद मोहोरबंद ठेवावी. भाषांतर माणसाने करावं. पुढे वाद झाला तर मोहोर फोडून यंत्राचा निवाडा घ्यावा. मात्र त्याआधी दुभाषीने 'चूक माझी' असं लेखी दिलं, तर मोहोर फोडायची नाही. त्या कागदाला म्हणायचे चूकपत्र. बोलून बसलेला शब्द मागे घ्यायची जगात तेवढीच एक वाट उरली होती, आणि ती दुभाषीच्या अंगावरून जात होती.

कुंदाने सात वर्षांत एकोणीस चूकपत्रांवर सह्या केल्या होत्या. संघात सर्वांत जास्त चुका करणारी दुभाषी म्हणून तिचं नाव होतं, आणि म्हणूनच तिला सर्वांत जास्त मागणी होती. वेंगुर्ल्याहून निघालेली बाई. आल्तामारच्या मासळी कारखान्यात बर्फाच्या टेबलाशी उभं राहून, बायकांच्या शिव्यांपासून सुरुवात करत ती भाषा शिकली. शाळा अशी नाहीच. दुभाषी नेहमी बोलणाऱ्याच्या तोंडाने बोलते, त्यामुळे दिवसभर ती 'मी आलो, मी पाहिलं, मी विचार करतो' अशी पुरुषाच्या क्रियापदांत वावरायची. एकदा शेजारणीला "मी आत्ताच जेवलो" असं सांगून बसली होती.

आणि आता हे सुरंगीचं प्रकरण.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी रत्नागिरीकडून ऊस तोडायला नेलेल्या मजुरांचं ते बेट. जहाजावरच्या कारकुनाने नाव विचारलं, खापरपणजोबा 'बाळू' म्हणाले, तेच सगुणाबाईंचं आडनाव झालं. आज चार हजार शंभर माणसं, आणि समुद्र दर वर्षी एक पायरी वर. विहिरींत खारं पाणी शिरलं होतं. या लोकांना समोरच्या आल्तामारच्या डोंगरांत जागा हवी होती. संघ मासळीवर हुकूम काढू शकत होता, जकातीवर काढू शकत होता, जमिनीवर नाही. जमीन ज्या त्या देशाची. हे दोन देशांनी आपसातच ठरवायचं होतं. पाहुणे म्हणून गेले तर पाच-पाच वर्षांचे परवाने मिळणार, आणि बेट रिकामं झालं त्या दिवशी सुरंगी नावाचा देश संघाच्या यादीतून पुसला जाणार. जमीन दोघांच्या मालकीची झाली, तरच देश टिकणार.

तिसऱ्या दिवशी वालेरियो म्हणाले, "जरा बाहेर चालू या." तिघं मुख्यालयामागच्या टेकडीवर गेली. हवा स्वच्छ होती. खाडीपलीकडे आल्तामारचे डोंगर निळे दिसत होते. सगुणाबाई शाळेच्या विहिरीबद्दल सांगत होत्या. "पोरं पाणी प्यायली की तोंड वाकडं करत नायत आता. त्यांना वाटतं, पाणी असंच लागतं."

कुंदाने ते जसंच्या तसं सांगितलं. वालेरियो डोंगरांकडे हात करून म्हणाले, "नोसू मोंत तें लुगार."

"आपल्या डोंगरांत जागा आहे," कुंदा म्हणाली.

सगुणाबाई चालता चालता थांबल्या. "परत म्हण."

"आपल्या डोंगरांत जागा आहे."

त्याच संध्याकाळी ते वाक्य रेडिओवरून बेटावर गेलं, आणि दोन दिवसांत एक्केचाळीस घरांनी कौलं उतरवली. नव्या जागी न्यायची म्हणून, एकेक गवतात गुंडाळून.

सहाव्या दिवशी आल्तामारच्या राजधानीतून खुलासा आला: आमचे दूत असं बोललेच नाहीत.

*

उपाहारगृहात दुपारच्या वेळी गर्दी नव्हती. वालेरियो कुंदाच्या समोर येऊन बसले आणि एक घडी घातलेला कागद बशीखाली सरकवला.

"दोना कुंदा," ते म्हणाले. आल्तामारीत दोना म्हणजे बाई. "विसावं."

तिने कागद उघडला नाही. "काय लिहिलंय?"

"मी 'आमचे डोंगर' म्हणालो. तू 'आपले' असं सांगितलंस."

"तुम्ही 'नोसू' म्हणालात."

"तेच."

"तेच नाही हो," कुंदा म्हणाली.

भांडण एवढ्याशा शब्दाचं होतं. आल्तामारीत 'नोसू' एकच. मी आणि माझी माणसं, तू वगळून, हेही नोसू. मी आणि तू, दोघं मिळून, हेही नोसू. मराठीत ती सोय नाही. पाहुण्याला आपण 'आमचं घर' दाखवतो, आणि नव्या सुनेला 'आपलं घर'. दार तेच, भिंती त्याच, पण पाहुण्याला संध्याकाळी निघायचं असतं. कुंदाला त्या टेकडीवर अर्ध्या क्षणात निवड करावी लागली होती, आणि तिने सुनेचा शब्द उचलला होता.

"सरकार पडेल," वालेरियो खाली बघत म्हणाले. "पुढच्या महिन्यात निवडणूक आहे. डोंगर ओस पडलेत हे सगळ्यांना माहीत आहे, तिथे कुत्रं राहत नाही. तरी दुसऱ्याला द्यायचे म्हटलं की प्रत्येकाच्या आजोबांची कॉफी तिथेच पिकत होती."

"आणि मी सही केली नाही तर?"

"मोहोर फुटेल. माझ्या गळ्यातलं सगळं बाहेर येईल."

"काय निघेल?"

त्यांनी साखरेची पुडी उचलली, परत ठेवली. "एकोणीस वेळा तू हे विचारलं नाहीस."

"एकोणीस वेळा कुणी घराची कौलं उतरवली नव्हती."

तिला त्या माणसावर धड रागावताही येईना. तीन वर्षांपूर्वी कुंदाची आई गेली तेव्हा ऐन बैठकीचा आठवडा होता, दुभाषीला रजा नव्हती. वालेरियोंनी दाढ दुखते म्हणून बैठक दोन दिवस पुढे ढकलली. गळ्याला पट्टी होती, खोटं बोलले असते तर सापडले असते. म्हणून त्यांनी आधी दंतवैद्याकडे जाऊन एक चांगली दाढ उपटून घेतली होती. हे तिला फार उशिरा, आणि दंतवैद्याच्याच बायकोकडून कळलं. ते स्वतः कधीच बोलले नाहीत. तो माणूस असाच. उपकारसुद्धा मागल्या दाराने करायचा.

"उद्या अकराला सुनावणी आहे," ते उठत म्हणाले. "विचार कर. तू नाही म्हणालीस तर तुलाही पुढे कोण बोलावणार? चूक न करणारं यंत्र त्यांच्याकडे आहेच."

हे धमकीसारखं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

*

सकाळी दहाला सगुणाबाई कुंदाच्या काचेच्या खोलीत आल्या. सुनावणीआधी दुभाषीला भेटायचं नसतं. कुंदाने तसं सांगितलं.

"नियम तुजा. मी म्हातारी, वाट चुकले असं लिव," असं म्हणत त्या बसल्या. "मना काय इचारायचं नाय. तू त्या कागदावर सही कर नायतर नको करू. तुज्या पोटाचा प्रश्न हाय."

"मावशी, खरं सांगू? तो काय म्हणाला ते मलाच माहीत नाही. त्याच्या भाषेत ते कळतच नाही. मी माझ्या मनाने बोलले."

"व्हय. ते मना तवाच कळलं."

कुंदाने चमकून पाहिलं.

"मग तुम्ही रेडिओवर कसं सांगितलंत?"

"बुडणाऱ्याच्या हाती दोरी आली, तर ती कुणाची ते इचारत बसू?" सगुणाबाई पदराचं टोक सारखं करत म्हणाल्या. "आता मना एवढंच सांग. लोकांचा निरोप आलाय. कौलं परत चढवायची काय, इचारतात. उघड्या घरात पोरं घेऊन बसलेत. मी काय कळवू?"

"अकरापर्यंत थांबायला सांगा," कुंदा म्हणाली.

सगुणाबाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "एक सांगते. तो बोल्ला तवा हात डोंगराकडं होता. पण तो डोंगराकडं बगत नव्हता, माज्याकडंबी नाय. तुज्याकडं बगत होता. दुभाषीकडं कोण बगतं गो? मी इतके दिवस बोलते, तुजं तोंड कसं हाय ते मना आज जवळून दिसलं."

*

सुनावणीची खोली लहान होती. संघाच्या निबंधक मारियम ओस्मान मध्यभागी, कानात यंत्राची गुळगुळीत खुंटी. एका बाजूला सगुणाबाई, दुसऱ्या बाजूला वालेरियो. कुंदा आज काचेच्या खोलीत नाही, दोघांच्या मधे, आणि तिच्याही गळ्याला पट्टी होती.

"आजचं भाषांतर यंत्र करील," निबंधक म्हणाल्या. "प्रश्न दुभाषीच्याच वागण्याचा आहे."

सगुणाबाईंनी मान हलवली. "यंत्र गोड बोलतं, मना कळत नाय. मी हिच्याच तोंडून ऐकीन."

निबंधकांनी वालेरियोंकडे पाहिलं. नियमाला दोघांची संमती पुरत होती. "माझी हरकत नाही," वालेरियो म्हणाले, आणि कुंदाने तेही मराठीत सांगितलं.

"चूकपत्र?"

"सही केलेली नाही," कुंदा म्हणाली. "करणार नाही."

वालेरियोंच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. फक्त त्यांनी समोरचा पाण्याचा पेला दोन बोटं बाजूला सरकवला.

मोहोर फोडली गेली. भिंतीवर टेकडीवरच्या त्या अडीच सेकंदांची रेघ उमटली. 'मोंत'ची लहर उंच, 'लुगार'ची उंच. आणि 'नोसू'च्या आधी, जिथे माणसाचा हेतू या नाहीतर त्या बाजूला झुकलेला दिसायला हवा, तिथे रेघ सपाट होती. पाण्यासारखी.

निबंधकांनी यंत्राला पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं: आशय अनिर्णित. कल शून्य.

"असं मी पाहिलेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "माणूस मनात कुठल्या तरी बाजूला असतोच." मग त्यांनी नियमाचं पान उघडलं. यंत्राला आशय सापडला नाही, तर बोलणाऱ्याने सुनावणीत दिलेलं निवेदन ग्राह्य. "आल्तामारने निवेदन द्यावं."

वालेरियोंनी खिशातून कागद काढला. राजधानीतून आलेला, शिक्क्याचा. चष्मा लावून त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि कुंदा त्यांच्या मागोमाग मराठीत बोलू लागली.

"माझ्या सरकारच्या वतीने मी स्पष्ट करतो, की उल्लेखलेले डोंगर हे सर्वस्वी..."

इथे कुंदा थांबली.

वालेरियोही थांबले; सवयीने. सात वर्षं ते तिच्यासाठी जागा सोडत बोलत आले होते. सगुणाबाईंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते.

कुंदाने गळ्यातली परवान्याची चकती काढून टेबलावर ठेवली.

"मला एक प्रश्न विचारायचाय," ती म्हणाली. आधी आल्तामारीत, मग मराठीत, म्हणजे कुणी मागे राहायला नको.

"दुभाषीला प्रश्न विचारता येत नाही," निबंधक म्हणाल्या.

"माहीत आहे. म्हणूनच परवाना तिथे ठेवलाय. तो तुमच्याकडेच राहू दे." ती वालेरियोंकडे वळली. एवढ्या वर्षांत ती त्यांच्याशी असंख्य वाक्यं बोलली होती, पण कामाच्या टेबलावर तिचं स्वतःचं असं हे पहिलंच. "त्या दिवशी हात डोंगरांकडे होता, समोर सगुणामावशी होत्या. तुम्ही माझ्याकडे का बघत होतात?"

निबंधकांनी हात वर केला. हात तसाच खाली आला.

वालेरियोंनी चष्मा काढला. शिक्क्याचा कागद उलटा करून टेबलावर ठेवला, आणि त्यावर तळवा. आधी त्यांनी सगुणाबाईंकडे पाहिलं, अगदी सरळ, बहुधा पहिल्यांदाच. मग हळूहळू, एकेक वाक्य तोडून, मधे पुरेशी जागा ठेवत ते बोलू लागले.

कुंदाचं काम अजून संपलेलं नव्हतं. ती त्यांच्या तोंडाने बोलू लागली.

"माझ्या भाषेत तो शब्द एकच आहे," ती म्हणाली. "कुंदाच्या भाषेत दोन आहेत, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे."

वालेरियो बोलले. ती बोलली.

"गळ्याला पट्टी होती. म्हणून मी मनातसुद्धा काही निवडलं नाही. शब्द तसाच, कोरा, तिच्या हातात दिला."

सगुणाबाई पुढे झुकल्या. निबंधकांनी कानातली खुंटी काढून मुठीत धरली होती. तरी त्या ऐकत होत्या, कुठली भाषा ते कुणास ठाऊक.

वालेरियोंचं पुढचं वाक्य लहान होतं. कुंदाने ते ऐकलं, आणि सात वर्षांत पहिल्यांदा तिला पुढचा शब्द लगेच सापडला नाही. तिने आवंढा गिळला. गळ्यावरच्या पट्टीने तेवढंही टिपलं असेल.

"ती 'आपले' असंच म्हणेल, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "माझ्या मनात होतं तेच ती म्हणाली. ते माझ्या तोंडाने म्हणायला मी भ्यालो."